कुठून घेतलं ते लिही

(वसतिगृहातल्या पोरांपुढे केलेलं भाषण)



'संशोधन कसं करावं' यावर बोलायला मला बोलावलंय. आधी एक कबुली देतो. एम. ए.ला असताना मी चोरी केली. ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रबंधातली २२ पानं उचलली आणि माझ्या लघुप्रबंधात घातली. हातानं उतरवून घेतली, म्हणजे मेहनत भरपूर. गाईड म्हणाले, "भाषा तुझी नाही." मी आतून पेटलो. वस्तीतल्या पोराला असली भाषा येणारच नाही, असं हा म्हणतोय काय? तसं त्यांच्या मनात असेलही. पण च्यायला, भाषा खरंच माझी नव्हती! भांडायला तोंडच उरलं नाही. तो अपमान मी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता.

आता दुसरं चित्र बघा. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांचे बाबासाहेब भारतातल्या जातींवर निबंध वाचताहेत. काय करतात ते? सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर, चौघांच्या व्याख्या नावानिशी समोर ठेवतात. कुणाचं कुठं चुकतं ते सांगतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली होती: सभासदत्व जन्मानं, आणि बाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. मग तिथून स्वतःचा मुद्दा उभा करतात. केतकरांचं नाव घेतलं म्हणून बाबासाहेब लहान झाले काय? उलट नाव घेतलं म्हणूनच आपल्याला कळतं, केतकर कुठं संपतात आणि बाबासाहेब कुठं सुरू होतात.

आणि आपण? बाबासाहेबांच्या नावावर वाटेल ते वाक्य खपवतो. कोणतं भाषण, कोणतं साल, कोणता खंड? कुणी विचारलं तर त्याच्यावरच धावून जातो. सरकारनं १९७९ पासून खंड काढलेत, ते उघडायला काय होतं? आपल्या भिंतीवरच्या तीन शब्दांच्या घोषणेचंच घ्या. आपण म्हणतो आधी संघटना, मग संघर्ष. जुलै १९४२ च्या नागपूरच्या भाषणाचा इंग्रजी पाठ काढा. तिथं चळवळ आधी येते, संघटना नंतर. क्रम का उलटला? कुणी? हा संशोधनाचा विषय आहे, पोरांनो. पण तो मूळ पान उघडणाऱ्यालाच दिसतो.

छापलंय म्हणून खरं, असंही नाही. एन्थोव्हेनचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे तीन खंड १९२०-२२ चे. वापरा, जरूर वापरा. पण विचारा, हा साहेब कोण, त्याला माहिती कुणी पुरवली, आपल्या आज्याला कुणी विचारलं होतं काय?

नियमांचं थोडक्यात सांगतो. यूजीसीनं २०१८ साली टक्केवारी ठरवली. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ४० पर्यंत प्रबंध सुधारून द्यायचा, ६० पर्यंत वर्षभर थांबायचं, त्यावर नोंदणीच रद्द. पण टक्क्यांवर जाऊ नका. इंग्रजी पुस्तक मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपवलं तर यंत्राला बहुधा पत्ता लागत नाही. चोरी ती चोरीच. आणि आता नवी यंत्रं निघालीत, विचारलं की निबंध लिहून देतात. कधीही न छापलेल्या पुस्तकांची नावं, पानाच्या नंबरासकट, बेधडक ठोकून देतात. पुस्तक हातात घेतल्याशिवाय त्याचं नाव लिहू नका.

आणखी एक चोरी आहे, ती कुठल्याच टक्क्यात बसत नाही. आपलाच पोरगा वस्तीत जातो, म्हातारीला बसवतो, जात्यावरच्या ओव्या टेप करतो. प्रबंधात काय लिहितो? 'एका वृद्ध स्त्रीने सांगितले.' सगळ्या साहेबांची नावं तळटीपेत, आणि जिनं दिलं तिला नाव नाही! अरे, तिला विचार की, नाव घालू का? नको म्हणाली तर घालू नको. पण विचारायचंच नाही, हे आपण कुणाकडून शिकलो?

माझी ती २२ पानं मी नंतर काढून टाकली. लघुप्रबंध निम्मा झाला. सहा महिने गेले, स्कॉलरशिप थांबली, घरी खोटं बोललो.

उद्या सकाळी १० वाजता मी खालच्या वाचनालयात बसतो. टिपण कसं काढायचं ते दाखवीन. वही आणा, दोन रंगांची पेनं आणा: एक दुसऱ्याच्या शब्दांना, एक आपल्या. पानाचा नंबर आधी टाकायचा, मग वाक्य.