माईकची शेपटी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. पण कार्यवाह बाई म्हणाल्या, "माईक तुम्ही दुरुस्त केलात, तेव्हा सांगायचेही तुम्हीच." म्हणून उभी राहिले आहे.

२०२४ च्या चैत्रातले हळदीकुंकू तुम्हांला आठवत असेल. आपल्या काकू ऐंशीच्या पुढच्या. मंडळाच्या सुरुवातीच्या आठवणी सांगायला त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. पदराला बिनतारी माईक, कमरेला त्याची छोटी पेटी. दोन वाक्ये ऐकू आली आणि मग नुसती खरखर. मागून कोणीतरी म्हणाले, "काकू, राहू द्या. आवाज पोचत नाही." काकू गप्प बसल्या आणि आंबेडाळ न घेताच घरी गेल्या.

दोष त्यांच्या आवाजाचा नव्हता. तो माझा होता. मंडळाचे सामान माझ्याकडे असते. पेटीतून एक काळी तार शेपटीसारखी लोंबते. ती बरी दिसत नाही म्हणून मी दर वेळी पेटीभोवती घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधून ठेवी. ती शेपटी म्हणजेच अँटेना. आवाज हवेत सोडते ती तीच. एकाच जागी मुडपून मुडपून आतले तांबे तुटले, वरचे प्लॅस्टिक मात्र शाबूत! जवळून माईक चाले, दोन पावले लांब गेले की बंद. म्हणून कोणाला शंका आली नाही.

दुकानदार म्हणाला, नवा संच घ्या. वर्गणीचा पैसा असा कसा टाकायचा? माझा पुतण्या रेडिओ दुरुस्त करतो. त्याने शेजारी बसून सांगितले, हात मात्र माझेच.

आधी पेटी बंद करून सेल काढले. तार बोटांनी चाचपली, तेव्हा पेटीच्या तोंडाशी ती लुळी लागली. तुटलेल्या जागी गाठ मारून वर चिकटपट्टी लावणे खरे नव्हे. अख्खी तार बदलावी आणि नवी जुनीएवढीच लांब घ्यावी. जुनी भरली सदतीस सेंटिमीटरच्या आसपास. पुतण्याने हिशेब सांगितला. रेडिओची लहर सेकंदाला ३० कोटी मीटर जाते. आमच्या पेटीवर २०० मेगाहर्ट्झ लिहिलेले, म्हणजे सेकंदाला २० कोटी लहरी. भागाकार केला की एक लहर दीड मीटरची, आणि तिचा चौथा हिस्सा साडेसदतीस सेंटिमीटर. सातवीतला भागाकार असा उपयोगी पडला!

नव्या तारेचे टोक सोलून जुन्याच जागी डाख दिला. तापलेली सळई दोन-तीन सेकंदच टेकवायची, जास्त ठेवली तर खालची पट्टी उखडते. तार बाहेर काढण्याआधी आत एक सैल गाठ ठेवली, म्हणजे हिसका बसला तरी तो डाखावर येत नाही. मग एक जण आवाज येणाऱ्या पेटीशी थांबली आणि मी एक ते दहा म्हणत दालनाच्या टोकापर्यंत गेले. दहाही आकडे पोचले.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शेपटी गुंडाळू नका, सरळ लोंबू द्या. आवाज घेणारी पेटी लोखंडी कपाटामागे ठेवू नका, धातू लहरी अडवतो. तिची दांडीही पुरती बाहेर ओढून उभी ठेवा. आणि भिंतीतल्या विजेवर चालणारी पेटी मात्र आपण उघडू नये, ते काम जाणत्याचे.

दिवाळीच्या मेळाव्यात मी काकूंच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि त्यांना घेऊन आले. त्या पंचवीस मिनिटे बोलल्या. शेवटच्या सतरंजीवरच्या सुनांनाही शब्दन् शब्द ऐकू गेला.

मैत्रिणींनो, एखादीचा आवाज पोचत नाही असे वाटले, तर तिला खाली बसवण्याआधी आपली तार तपासून पाहू या.