अश्लीलतेचा बाजार आणि आपण

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

महागाई, कामगार कायदे आणि पाणीवाटप यांच्या रांगेत आजचा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. राजकीय कार्यकर्त्याने पोर्नोग्राफीविषयी बोलावे तरी काय? एक तर नाक मुरडावे, नाही तर तो ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न म्हणून सोडून द्यावा. दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही वाटांनी आपण प्रश्नापासून दूरच जातो. ज्या धंद्याचा माल सातपूर-अंबडच्या कामगारवस्तीपासून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यापर्यंत खिशाखिशात पोचला आहे, ज्याचा नफा सातासमुद्रापलीकडे जमा होतो आणि ज्याची किंमत प्रामुख्याने स्त्रियांना व मुलांना मोजावी लागते, त्या धंद्याला खाजगी कसे म्हणावे?

प्रथम एक गल्लत दूर करू. शृंगार म्हणजे अश्लीलता नव्हे. येथून जवळच पांडवलेण्यांत ज्या सातवाहनांचे शिलालेख आहेत, त्याच कुळातील हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह सांगितला जातो. त्यातील कितीतरी गाथांत स्त्री बोलते; तिला काय हवे, काय नको, कोणाची वाट पाहायची, कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हे तीच सांगते. आपल्या भाषेच्या पूर्वजांना शरीराची लाज वाटत नव्हती. पुढे लावणीनेही शृंगार गायिला. मात्र लावणीचा इतिहास सांगताना एक गोष्ट लपवता येणार नाही. शब्द रचणारे आणि दाद देणारे कोणीही असोत, फडावर नाचणारी स्त्री बहुधा कोल्हाट्याची किंवा दलित जातीतील होती. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्या टाळ्यांच्या मागचे घर महाराष्ट्राने पाहिले. तेव्हा शरीर दिसले की नाही, हा आपला प्रश्न नाही. ते शरीर कोणाचे, त्याची संमती होती काय आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात गेला, हे आपले प्रश्न आहेत.

कायद्याने मात्र फार काळ भलताच प्रश्न विचारला. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिक्लिन खटल्यात जी कसोटी ठरली तिचा आशय असा, की ज्यांची मने अशा प्रभावांना बळी पडू शकतात त्यांना बिघडवण्याकडे लिखाणाचा कल आहे काय, एवढेच पाहावे. ही कसोटी आपल्याकडे आली आणि तिचा पहिला तडाखा धंदेवाइकांना नव्हे, तर सुधारकांना बसला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यांच्यावर १९३१ साली खटला झाला, दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. दंड तरीही झाला. ज्या माणसाने अज्ञान दूर करण्यासाठी आयुष्य वेचले तो गुन्हेगार ठरला, आणि अज्ञानावर पोट भरणारे वैदू व पुस्तकविक्रेते मोकळे राहिले. ही विसंगती लक्षात ठेवा. ती आजही संपलेली नाही.

स्वातंत्र्यानंतरही हाच क्रम चालू राहिला. मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांना लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीच्या विक्रीबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली. तीच कादंबरी लंडनच्या ज्यूरीने १९६० साली निर्दोष ठरवली होती. मराठीत चंद्रकांत काकोडकर यांच्या कथेवरून खटला उभा राहिला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ती कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. समाजाच्या कल्पना वेगाने बदलत आहेत, याची नोंद न्यायालयाने त्या निकालात घेतली. हिक्लिनची कसोटी सोडून समकालीन समाजाच्या मापाने पाहावे, असे स्पष्टपणे म्हणायला मात्र २०१४ साल उजाडावे लागले. लेखकांच्या पानांवर न्यायालये काथ्याकूट करीत होती, त्या साऱ्या काळात खरा धंदा रूप बदलत पुढे सरकत होता.

ते बदल क्रमाने पाहू. पहिला टप्पा पिवळ्या पुस्तकांचा. बसस्थानकाजवळच्या फळकुटावर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ती ठेवलेली असत. दुसरा टप्पा व्हिडिओचा. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली आणि गावोगावच्या व्हिडिओ पार्लरमध्ये रात्री उशिरा ‘ब्लू फिल्म’ दाखविल्या जाऊ लागल्या. तिसरा टप्पा इंटरनेटचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली, आणि थोड्याच वर्षांत लाकडी खोपटांची सायबर कॅफे उभी राहिली. चौथा टप्पा खिशातल्या फोनचा. मोबाइलवरील एक जीबी डेटाला २०१४ साली सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१६ साली जिओ आल्यावर दरयुद्ध पेटले आणि २०१८ साली तोच दर १२ रुपयांच्या आत आला. एका चहाच्या किमतीत पिवळ्या पुस्तकांचे अख्खे दुकान घरात आले.

हा बदल केवळ प्रमाणाचा नाही, गुणाचा आहे. जुन्या मालाला तीन कुंपणे होती. पहिले पैशाचे: पुस्तक विकत घ्यावे लागे. दुसरे साक्षीदाराचे: दुकानदार, पार्लरचा मालक, शेजारी बसलेला माणूस पाहत असे. तिसरे शेवटाचे: पुस्तकाला शेवटचे पान होते, कॅसेटची फीत संपत होती. फोनने तिन्ही कुंपणे मोडली. माल फुकट, पाहणारा एकटा आणि शेवट नाही. शिवाय चौथी गोष्ट नवी घडली. पूर्वी ग्राहक माल निवडत असे. आता माल ग्राहकाला निवडतो. कोणत्या चित्रावर बोट किती क्षण थांबले याची नोंद यंत्र ठेवते आणि पुढचे चित्र त्याहून थोडे अधिक तीव्र देते. फुकट मिळणाऱ्या मालाचा धंदा कसा चालतो, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. तेथे पाहणाऱ्याचा वेळ जाहिरातदाराला विकला जातो. ग्राहक जितका जास्त थांबेल तितका नफा. व्यसन हा या धंद्यातील अपघात नसून ते त्याचे भांडवल आहे.

व्यसन हा शब्द मी जपून वापरतो आहे. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य आहे. ते सुखाचे द्रव्य आहे असे आपण ऐकतो, पण संशोधन सांगते की ते सुखापेक्षा ओढीशी अधिक बांधलेले आहे. हवे असणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. दारुड्याला पेला हवा असतो, तो आवडेनासा झाल्यावरही हवा असतो. नव्या आणि अनपेक्षित गोष्टीने ही ओढ वाढते, सवयीच्या गोष्टीने ती मंदावते. ज्या यंत्रात दर क्षणाला नवे चित्र येते ते यंत्र ही ओढ विझू देत नाही. म्हणून काही जणांच्या बाबतीत असे घडते, की वेळ वाढत जातो, कालचे चित्र आज पुरत नाही, झोप आणि काम बुडते, जिवंत जोडीदाराजवळ मन लागत नाही, आणि थांबण्याचा निश्चय पुनःपुन्हा मोडतो.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली संमत झाली आणि २०२२ पासून लागू झाली. तिने अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार मान्य केला, परंतु तो जुगाराप्रमाणे व्यसनांच्या वर्गात न घालता आवेग-नियंत्रणाच्या विकारांत घातला. व्यसन म्हणावे की नाही, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्याच वर्गीकरणात आणखी एक महत्त्वाची अट आहे: केवळ नैतिक अपराधभावनेतून येणारे दुःख हा विकार नव्हे. म्हणजे पाहणारा प्रत्येक जण रोगी नाही, आणि स्वतःला पापी समजणारा प्रत्येक तरुण व्यसनी नाही. ज्याचे आयुष्य कित्येक महिने त्या एका सवयीभोवती फिरते आणि नुकसान दिसत असूनही ज्याला थांबता येत नाही, तो मदतीस पात्र आहे.

हा भेद केला नाही तर आपण दुसऱ्या धंदेवाल्यांच्या हाती सापडतो. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगविणारे वैदू पिढ्यान्‌पिढ्या वीर्यनाशाची भीती विकत आले आहेत. या भीतीने खंगणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. न. ना. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. एक बाजार उत्तेजना विकतो, दुसरा भीती विकतो. गिऱ्हाईक तेच, आमच्या वस्तीतले अर्धशिक्षित पोर. कर्वे ज्या पत्रांना उत्तरे देत होते ती पत्रे याच पोरांची होती.

आता किंमत कोण मोजते ते पाहू. आपल्याच नाशिक महसूल विभागातील जळगावात १९९४ साली उघडकीस आलेले प्रकरण आठवा. मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे व चित्रफिती काढून, त्या धाकावर त्यांचे शोषण चालले होते. पीडितांपैकी फार थोड्या जणी पुढे येऊ शकल्या, कारण बदनामी गुन्हेगाराची न होता मुलीची होत होती. तेव्हा कॅमेरा महाग होता. आज तो प्रत्येकाच्या हातात आहे, आणि कोणाच्याही चेहऱ्याला दुसऱ्याचे शरीर जोडणारी यंत्रेही आहेत. जगातही हेच चित्र आहे. पॉर्नहब या सर्वांत मोठ्या संकेतस्थळांपैकी एकाने डिसेंबर २०२० मध्ये ओळख न पटलेल्या लोकांनी चढवलेल्या लक्षावधी चित्रफिती एकदम काढून टाकल्या. बलात्काराच्या आणि अल्पवयीनांच्या चित्रफिती तेथे असल्याचे वृत्तपत्राने उघड केले आणि पतपत्रांच्या कंपन्यांनी व्यवहार थांबवला, तेव्हा हे घडले. पीडितांच्या अर्जांनी जे झाले नाही ते पैशाची नळी आवळताच काही दिवसांत झाले. भांडवलाला कोणती भाषा कळते, याचा हा धडा आहे.

मग बंदी घाला, असे काही साथी म्हणतील. २०१५ साली केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद केली आणि काही दिवसांतच आदेश सैल केला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा आठशेहून अधिक बंद झाली. एक दार बंद झाले की शेजारी चार उघडतात. शिवाय सरसकट बंदीची कुऱ्हाड सत्तेच्या हाती दिली की ती धंद्यावर पडण्याआधी कर्व्यांवर पडते, हा आपला स्वतःचा इतिहास आहे. परंतु मुलांचे शोषण आणि संमतीविना केलेले चित्रण हा अभिव्यक्तीचा प्रश्नच नाही. तो पुराव्यासह केलेला गुन्हा आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी दिला. त्याच निकालात न्यायालयाने लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. आणि आपल्या राज्याने काय केले होते? २००७ साली संस्कृतीच्या नावाखाली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच बंद पाडला. शाळेने तोंड मिटले, म्हणून मुलाचा पहिला शिक्षक हा धंदा झाला. त्या शिक्षकाने शिकवलेला पहिला धडा असा, की स्त्रीच्या ‘नाही’ला अर्थ नसतो.

साथींनो, आपल्यापुढे चार कामे आहेत. शाळेत शरीराचे आणि संमतीचे शिक्षण मिळावे, ही मागणी शिक्षणाच्या प्रत्येक मागणीपत्रात असली पाहिजे. जिची चित्रफीत पसरवली गेली आहे अशी मुलगी पोलीस चौकीत जाईल तेव्हा आपली एक कार्यकर्ती तिच्या शेजारी उभी राहिली पाहिजे, आणि वस्तीत तिच्याबद्दल कुजबुज होणार नाही हे आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी पाहिले पाहिजे. मालाची जबाबदारी कंपनीवर टाकणारा आणि तिच्या पैशाच्या नळीवर हात ठेवणारा कायदा आपण मागितला पाहिजे. आणि जो सापडला आहे त्याला हिणवू नये. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा होता. तोच विचार येथेही लागू आहे. लाजेने व्यसन सुटत नाही. लाज माणसाला पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलते.

शेवटी एकच सांगतो. बारा तासांची पाळी करून दहा बाय दहाच्या खोलीत परतणाऱ्या, लग्न आणि घर दोन्ही न परवडणाऱ्या तरुणाला आपण काय देतो? वाचनालय, मैदान, नाटक, स्त्री-पुरुषांनी बरोबरीने बसावे अशी सभा, हे सारे वस्तीतून नाहीसे होत गेले आणि ती जागा फोनने घेतली. ती जागा परत मिळवणे हे राजकारण आहे, आणि ते आपल्यालाच करावयाचे आहे.