मुखतपासणीचे प्रशिक्षण : हेतू आणि उत्तरदायित्व
(परिचारिका व आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणवर्गाच्या उद्‌घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मुखाच्या तपासणीस महागड्या यंत्राची आवश्यकता नसते. चांगला प्रकाश, दोन छोटे आरसे, हातमोजे आणि शिकलेली दृष्टी एवढे पुरते. तरीही आपल्याकडे मुखकर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आजार बळावल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात. प्रारंभी हा आजार सहसा दुखत नाही. आणि जे दुखत नाही, ते दाखविण्याची आपल्याकडे रीत नाही.

या वर्गात ओठ, गालांची आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालील भाग व टाळू क्रमाने पाहण्यास शिकविले जाईल. कवळी असल्यास ती आधी काढावयास सांगावी. गाल व हिरडी यांमधील, तंबाखू धरून ठेवण्याची जागा विशेष काळजीने पाहावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, सुपारीच्या सवयीने कमी उघडणारे तोंड, मानेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे. प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. त्याचे निदान बायॉप्सीनेच होते.

हे काम केवळ डॉक्टरांनीच करावे असे नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या अभ्यासात, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ३५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांची मुखतपासणी केली. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू अथवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये, तपासणीची सोय असलेल्या गटात मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. सर्व लोकांचा एकत्रित विचार करता मात्र घट निर्विवाद ठरली नाही. म्हणून व्यसनाधीन व्यक्तींपर्यंत प्रथम पोहोचणे अगत्याचे आहे.

त्याच अभ्यासातील दुसरा आकडा आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. तपासणीत दोष आढळलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के व्यक्तीच पुढील तपासणीस गेल्या. अर्थात, चट्टा दिसला, नोंद झाली, तरी तिघांमागे एकाहून अधिक जण उपचाराच्या दारापर्यंत आलेच नाहीत. केवळ नोंदवहीत नाव चढल्याने कोणाचा जीव वाचत नाही.

यास्तव आमच्या दृष्टीने या प्रशिक्षणाचा अखेरचा पाठ सर्वांत महत्त्वाचा आहे : रुग्णास न घाबरविता सत्य सांगणे, भेटीचा दिवस ठरवून देणे आणि तो न आल्यास त्याच्या घरी जाणे. ज्याची रोजची मजुरी बुडते, त्यास 'उद्या या' एवढे म्हणून भागत नाही. त्याचा प्रवासखर्च व बायॉप्सीचा खर्च भागविणे हा देणगीचा अत्यंत सार्थ विनियोग होय, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

आप्तजनांनाही विनंती आहे. घरात कोणी तंबाखू वा सुपारी खात असेल, तर दुखण्याची वाट न पाहता त्यांना तपासणीस घेऊन यावे.

प्रशिक्षणार्थींना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.