करंज आणि पाणसुरुंग

आमचं देवणी म्हटलं की गाय आणि वळू आठवतात. पाणबुडी कुणाला आठवणार? समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पल्याड. तरीही आज करंजबद्दल बोलतो. उरणच्या करंजा बेटाचं नाव मिरवणारी ही पाणबुडी बांधली मात्र सोव्हिएत रशियात. ४ सप्टेंबर १९६९ ला ती रीगा बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली.

लांबी सुमारे ९१ मीटर. पुढे सहा नळ्या, मागे चार. पोटात २२ टॉर्पेडो, नाहीतर त्यांच्या जागी ४४ पाणसुरुंग. तिची बहीण कुरसुरा आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभी आहे. तिथे गोल झडपेतून वाकूनच आत शिरावं लागतं, आणि समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. अशा जागेत पंचाहत्तर माणसं दिवसच्या दिवस राहायची.

१९७१ च्या युद्धात करंज अरबी समुद्रात गस्तीवर होती. कमांडर विजयसिंह शेखावत. आपल्या पाणबुड्यांना हुकूम कडक होता: जहाज शत्रूचंच, अशी खात्री पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. रात्रीच्या काळोखात पेरिस्कोपमधून कुणाचं जहाज ते ओळखणार कसं? त्या युद्धात आपल्या पाणबुड्यांनी एकही जहाज बुडवलं नाही. काहींना हे खटकतं. मला ती शिस्त मोठी वाटते. शेखावतांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले.

पाणसुरुंगाला असला हुकूम कोण देणार? पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१७ मध्ये, 'वोल्फ' या जर्मन जहाजानं मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि ते पसार झालं. २३ जूनला 'मंगोलिया' ही प्रवासी बोट त्यातल्याच एका सुरुंगानं बुडाली. वीसहून अधिक माणसं गेली.

आणि १९७१ मध्येच, ३ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी बुडाली. आपलं म्हणणं, आपल्या 'राजपूत' या युद्धनौकेच्या माऱ्यानं. पाकिस्तानचं म्हणणं, ती सुरुंग पेरत होती आणि त्यांच्याच स्फोटात गेली. हा वाद अजून मिटलेला नाही. नव्वदाहून अधिक खलाशी मात्र तिच्यासोबत तळाला गेले.

करंज २००३ मध्ये निवृत्त झाली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली त्याच नावाची नवी पाणबुडी १० मार्च २०२१ ला मुंबईत नौदलात आली. समारंभाचे प्रमुख पाहुणे होते ॲडमिरल शेखावत.