घड्याळ कोणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवस्थापनशास्त्र हा कारखानदारांच्या मुलांनी शिकण्याचा विषय आहे, कामगार चळवळीला त्याच्याशी कर्तव्य नाही, अशी एक समजूत रूढ आहे. ती टाकून दिली पाहिजे. ज्याच्या श्रमांविषयी हे शास्त्र रचले गेले, त्यानेच ते वाचले नाही तर त्याच्या घामाचा हिशेब कायम दुसऱ्याच्याच वहीत राहील.

या शास्त्राचा आद्य आचार्य फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनियर. त्याचा ‘वैज्ञानिक व्यवस्थापनाची तत्त्वे’ हा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. तोवर यंत्रावरचा कसबी कामगार आपले ज्ञान आपल्या हातात राखून होता. किती वेळात किती काम होते हे मालकापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असे. टेलरने नेमके हेच हेरले. कामाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचने मोजावा, विचार करण्याचे काम कचेरीत न्यावे आणि कामगाराकडे केवळ हुकमाची अंमलबजावणी ठेवावी, हे त्याच्या पद्धतीचे सार होय.

बेथलहेम पोलाद कारखान्यातील लोखंड वाहणाऱ्या मजुराची कथा टेलरने मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. तो मजूर पूर्वी दिवसाला साडेबारा टन लोखंड चढवी, तो साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. पुढील संशोधकांनी या कथेतील बराच भाग संशयास्पद ठरवला आहे. परंतु टेलरचाच हिशेब खरा मानला तरी काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी वाढली ती साठ टक्क्यांच्या आसपास. अशा कामाला योग्य माणूस बैलासारखा मंदबुद्धी असावा लागतो, असेही त्याने लिहून ठेवले. शास्त्राच्या तटस्थतेचा हा नमुना!

कामगारांनी त्याला उत्तर दिले. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणारे कामगार स्टॉपवॉचविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, टेलरची साक्ष झाली आणि १९१५ साली लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यासाठी पैसा खर्च करण्यास काँग्रेसने बंदी घातली. घड्याळ निसर्गनियमाने चालत नसून माणसांच्या निर्णयाने चालते, हे त्या कामगारांनी सिद्ध केले.

हेन्री फोर्डने घड्याळाऐवजी सरकता पट्टा आणला. त्या पट्ट्याचा वेग असह्य होऊन माणसे इतकी सोडून जात, की १९१३ साली फोर्डच्या कारखान्यातील कामगारबदलीचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर झाली. हे औदार्य नव्हते. वेगाविषयी तोंड न उघडण्याची ती किंमत होती. ते पाच डॉलर मिळण्यास कामगार लायक आहे की नाही, हे पाहण्यासाठी फोर्डचे निरीक्षक त्याच्या घरात शिरत, त्याचा संसार आणि त्याची बचत तपासत.

मुंबईच्या गिरण्यांत हेच वारे ‘रॅशनलायझेशन’ या नावाने पोहोचले. दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, या आग्रहातून आणि पगारकपातीच्या भीतीतून १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. मात्र त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती तेथे, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला. मागांचा हिशेब करणाऱ्या मालकांच्या शास्त्राला ही जात दिसली नाही. आणि संघटनेलाही ती सांगितल्यावाचून दिसली नाही, हेही विसरता कामा नये.

पुढे शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. कामगार हा केवळ पैशाचा भुकेला नसून माणूस आहे, असा शोध एल्टन मेयो आदी पंडितांनी त्यांतून लावला. ‘मानवी संबंधां’चे युग सुरू झाले, दटावणीची जागा विचारपूस घेऊ लागली. पण त्याच कारखान्यात तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांनी रोजच्या कामाची मर्यादा आपापसांत ठरवून घेतली होती आणि ती ओलांडणाऱ्याला ते आवरत होते. हा शहाणपणा होता, स्वसंरक्षण होते. पंडितांनी मात्र त्यात गैरसमज आणि भावनेचा गुंता पाहिला. मेयोच्या विचारात कामगार संघटनेला जवळजवळ स्थानच नाही.

समाजवादी विचारही येथे निर्दोष राहिला नाही. १९१४ साली टेलरपद्धतीला यंत्राची गुलामी म्हणणाऱ्या लेनिननेच १९१८ साली तिचा अभ्यास आणि वापर करण्याचा आग्रह धरला. कारखाना राष्ट्राच्या मालकीचा झाला, पण घड्याळ वरच्या माणसाच्याच हातात राहिले. मालकी बदलणे आवश्यक आहे. पण तेवढे पुरेसे नाही, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

जर्मनीत १९५१ च्या कायद्याने कोळसा व पोलाद उद्योगांतील पर्यवेक्षक मंडळांवर कामगारांना बरोबरीचे प्रतिनिधित्व मिळाले. भारतातही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार आणि मालक यांच्या प्रतिनिधींच्या कार्यसमित्यांची तरतूद होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ घालून व्यवस्थापनातील सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व केले. मार्गदर्शक तत्त्वासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ते जिवंत ठेवण्याची ताकद संघटनेतच असते, आणि संघटनांनी बोनस व महागाईभत्त्यासाठी जितका जोर लावला, तितका या कलमासाठी लावला नाही.

आज स्टॉपवॉच मोबाइलमध्ये शिरले आहे. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला मुकादम दिसत नाही. ॲप त्याला काम देते, त्याचा वेळ मोजते, त्याचे खाते बंदही करते. कंपनी त्याला ‘भागीदार’ म्हणते. पण दर, वेळ वा शिक्षा ठरवताना या भागीदाराला कोणी विचारत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचा उल्लेख आला खरा, पण पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा म्हणून.

तरीही वाट बंद झालेली नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून मोठ्या गोदामांना कामाचे उद्दिष्ट कामगाराला लेखी कळवण्यास भाग पाडले, आणि जेवणाच्या व शौचाच्या वेळेवर घाला घालणारे उद्दिष्ट निषिद्ध ठरवले. शंभर वर्षांपूर्वीच्या वॉटरटाउनचाच हा वारसा आहे.

कार्यकर्त्यांनी यापुढे फाटकावर, गोदामाबाहेर, ॲपची वाट पाहत उभ्या असलेल्या तरुणांच्या घोळक्यात मजुरीची चौकशी तर करावीच. पण तेथे न थांबता कामाचा वेग कोणी ठरवला, हाही प्रश्न विचारावा. व्यवस्थापनशास्त्राने शतकभरात आपली भाषा कितीदा तरी बदलली. हा प्रश्न मात्र त्याने आपणहून कधीच चर्चेला घेतला नाही. तो घ्यायला लावणे, हे संघटनेचे काम आहे.