गिधाडें कोठें गेलीं?

हायस्कुलाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत अन्नसाखळीचें चित्र हटकून असतें. गवत, गवतावर टोळ, टोळावर बेडूक, बेडकावर साप आणि सापावर घार. विद्यार्थी तें परीक्षेंत बिनचूक काढतो आणि पूर्ण गुणहि मिळवितो. परंतु घार मेल्यावर पुढें काय, हा प्रश्न एखाद्याच चौकस मुलाला पडतो. आणि परिस्थितिविज्ञानाचा खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

वनस्पति सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, त्यांवर तृणभक्षक जगतात, तृणभक्षकांवर मांसभक्षक. एका पायरीवरून दुसरीवर जातांना शक्तीचा स्थूलमानानें दहावा हिस्साच पुढें पोंचतो. बाकीची बहुतेक श्वसनांत, हालचालींत आणि उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. म्हणूनच गवताचीं पातीं अगणित आणि घारी मोजक्या. ही खर्चलेली शक्ति परत येत नाहीं, ती सूर्यापासून रोज नवी घ्यावी लागते. नत्र, स्फुरद, कर्ब यांचें तसें नाहीं. हीं द्रव्यें तींच तीं पुन्हा पुन्हा वापरावयाचीं असतात. मेलेल्या देहांत तीं अडकून राहिलीं तर जमिनीचें भांडवलच गोठेल. तें मोकळें करण्याचें काम जीवाणु, बुरशी, किडे आणि मृतभक्षक प्राणी करतात. आणि नेमकी याच मंडळींना पुस्तकांत एखाददुसरी ओळ मिळते.

भारतांत या कामाचा मोठा वाटा गिधाडांनीं उचललेला होता. जटायूचें नांव आदरानें घेणारा समाज ‘गिधाड’ हा शब्द मात्र शिवीसारखा वापरतो, हा एक चमत्कारच म्हणावयाचा. गांवाबाहेरच्या माळावर ढोर टाकलें कीं आकाशांत एक ठिपका दिसे, हें वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. एक गिधाड खालीं उतरलें कीं दूरवरचें दुसरें तें पाहून वळे, त्याला पाहून तिसरें. बघतां बघतां पंगत बसे आणि कांहीं तासांत नुसता सांगाडा उरे. या पक्ष्याच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं पुष्कळसे रोगजंतु तेथेंच नष्ट होतात. उरलेलीं स्वच्छ हाडें गोळा करून विकण्यावरहि कित्येकांचें पोट चाले.

१९९० नंतरच्या दशकांत ही पंगत मोडली. राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत पक्षिशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांना झाडांवर माना टाकून बसलेलीं आणि खालीं मरून पडलेलीं गिधाडें आढळूं लागलीं. १९९२ पासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक या प्रमाणांत उरलीं. लांब चोचीचीं व बारीक चोचीचीं शेंकडा तीनच्या आसपास. प्रथम सांथीचा संशय आला. खरें कारण २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनांतून प्रसिद्ध झालें. गुरांची वेदना कमी करण्यासाठीं दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांत राहतें, आणि तें खाल्लेल्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होऊन थोड्याच दिवसांत तें मरतें. शंभर मृत गुरांपैकीं एकाहूनहि कमी गुरांत औषध असलें तरी एवढा ऱ्हास होऊं शकतो, असें गणितानें दिसून आलें. कारण उघड आहे: एकाच ढोरावर सारा थवा जेवतो. औषध देणाऱ्याच्या मनांत जनावराविषयीं दयाच होती.

माळावरचें मांस मग भटक्या कुत्र्यांच्या वांट्याला आलें. त्यांची संख्या वाढली आणि तिच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांचें भय. मुंबईच्या डुंगरवाडींत पारशी समाजाला दखम्यांवर सूर्यकिरण एकत्र करणारीं यंत्रें बसवावीं लागलीं. गिधाडांचें काम त्यांना कितपत जमतें, याविषयीं त्या समाजांतच मतभेद आहेत.

झालेली हानि लवकर भरून येण्यासारखी नाहीं. गिधाडाची जोडी वर्षाकांठीं एकच अंडें घालते आणि पिल्लू वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. टोळाची गोष्ट निराळी. तो एका पावसांत पुन्हा उभा राहतो.

२००६ सालीं गुरांसाठीं डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलोक्झिकॅम हें गिधाडांना अपाय न करणारें औषध तोंवर माहीत झालें होतें. तरीहि माणसांसाठींच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोंचत राहिल्या, म्हणून २०१५ सालीं त्या एका मात्रेपुरत्या, तीन मिलिलिटरच्या, करण्यांत आल्या. असेक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवर गुरांपुरती बंदी यावयास २०२३ साल उजाडलें. इतका विलंब क्षम्य नव्हता. दरम्यान रायगड जिल्ह्यांत म्हसळ्याजवळच्या चिरगांवीं घरट्यांचीं झाडें राखण्यांत आलीं, आणि हरियाणांतील पिंजोर येथें बंदिस्त जागेंत पिल्लें वाढविण्यांत आलीं. तेथील कांहीं पक्षी २०२४ सालीं ताडोबा व पेंच येथें आणून सोडले गेले. तीं गिधाडें ज्या ज्या ढोरावर उतरतील, त्याला शेवटच्या दिवसांत कोणतें औषध टोंचलें होतें, यावर पुढचें सारें अवलंबून आहे.