वाडा आधी छपरातून ढासळतो

आज आपण पारनेर तालुक्यातल्या पळशीला जाऊ. गावाला तटबंदी, आत पळशीकरांचा वाडा. हे इंदूरच्या होळकरांचे दिवाण. दौलत तिकडे कमावली, घर मात्र इथं बांधलं. लाकडावरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघावं असं!

पण आम्हाला बोलायचंय ते छपराविषयी. देशावरचे कितीतरी जुने वाडे धाब्याचे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, कड्या, किलचण आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यामुळं उन्हाळ्यात माजघर गार. मात्र दरवर्षी मृगाआधी गवत उपटून नवी माती चोपावी लागते. हे काम कुणी कौतुकानं सांगत नाही, पण वाडा त्यावरच टिकतो. इनामं होती, घरात माणसं होती, तोवर ते होत राहिलं. इनामं गेली, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, भाऊबंद शहरात पांगले. गवत तसंच राहिलं की मुळांवाटे पाणी तुळईत मुरतं. तुळई कुजली की भिंत बसते.

मग कोरीव खांब जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात. गढीची पांढरी माती तर खत म्हणून शेतात ओढायची रीतच होती.

२००५ च्या दुरुस्तीनं लेकींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे. माहेरचा असा वाडा असेल आणि हक्कसोडपत्र पुढ्यात आलं, तर सही करण्याआधी विचारा: खांब कुठं चाललेत? आणि यंदा धाब्यावरचं गवत कोण काढणार?